गुरांच्या प्रदर्शनांतील बाह्य दोष

गुरांच्या प्रदर्शनांतील बाह्य दोष : प्रदर्शनात मांडलेल्या गाय, बैल, वळू, म्हैस वा रेडा यांच्या अंगावर डोळ्यांना दिसणारे, परंतु जनावराचे आरोग्य, काम, दूध वा प्रजनन यांवर परिणाम न करणारे उणेपण म्हणजे किरकोळ बाह्य दोष होत. कपाळावरील पांढरा ठिपका, शेपटीचा झडलेला गोंडा, तुटलेले शिंग, कानाची फाटलेली पाळी, वेसणीने चिरलेली नाकपुडी, जुवाचा घट्टा, जुन्या जखमेचा वण, केसांचा नको त्या जागी पडलेला भोवरा इत्यादींचा यांत समावेश होतो. असे दोष दिसायला ठळक असतात, म्हणून बाजारात त्यांचा बोभाटा अधिक होतो व जनावराची किंमत उतरते. याउलट वाकडा पाय, सैल कास, अरुंद छाती यांसारखे खरे दोष अनेकदा सामान्य माणसाच्या लक्षात येत नाहीत. या दोहोंमधील फरक जाणणे हे परीक्षकाचे मुख्य काम असून तो फरक लोकांना समजावून देणे हा प्रदर्शन भरविण्याचा एक मुख्य हेतू असतो.

प्रस्तुत नोंदीत या प्रश्नाचे विवेचन मुख्यतः कोल्हापूर व त्याच्या शेजारच्या सांगली, सातारा आणि सोलापूर या जिल्ह्यांतील जनावरांच्या संदर्भात केले आहे. खिल्लारी बैल व पंढरपुरी म्हैस या दोन नामांकित जाती या प्रदेशातील असून येथे जनावराच्या रूपाची पारख करण्याची परंपरा जुनी आहे.

इतिहास : जनावरांच्या आधुनिक प्रदर्शनांचा आरंभ इंग्लंडमध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीस झाला. लंडन येथील स्मिथफील्डचे प्रदर्शन १७९९ मध्ये सुरू झाले. १८२२ मध्ये शॉर्टहॉर्न जातीची पहिली वंशावळ-नोंदवही प्रसिद्ध झाली आणि प्रत्येक जातीचे आदर्श रूप कसे असावे, याचे लेखी निकष ठरू लागले. १८३९ मध्ये ऑक्सफर्ड येथे इंग्लंडच्या रॉयल कृषी संस्थेचे पहिले प्रदर्शन भरले. लेखी निकषांमुळे परीक्षणात शिस्त आली. पण त्याबरोबरच रंग, शिंग, ठिपके यांसारख्या चटकन ओळखू येणाऱ्या गोष्टींना अवाजवी महत्त्वही मिळाले.

भारतात लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शाही कृषी आयोगाने (१९२६–२८) पशुपैदाशीचा विचार केला. १९३८ मध्ये दिल्ली येथे अखिल भारतीय गुरांचे प्रदर्शन भरले. मुंबई प्रांतात १९३३ मध्ये पशुधन सुधारणेचा अधिनियम झाला व नापसंत ठरलेल्या वळूंचे खच्चीकरण करण्याची त्यात तरतूद होती. वळू पसंत की नापसंत हे त्याच्या बाह्य रूपावरून ठरत असल्याने परीक्षकाच्या एका शेऱ्यावर त्या वळूचा वंश पुढे चालणार की नाही, हे अवलंबून राहू लागले. स्वातंत्र्योत्तर काळात जिल्हा परिषदा, पंचायत समित्या, पशुसंवर्धन खाते, कृषी उत्पन्न बाजार समित्या व सहकारी दूध संघ यांच्यामार्फत प्रदर्शने भरविण्यात येऊ लागली.

कोल्हापूर परिसर : या भागात प्रदर्शनाची दोन रूपे आढळतात. एक यात्रा व बाजार यांना जोडून येणारे. खरसुंडी, म्हसवड व पुसेगाव येथील यात्रांत खिल्लारी जनावरांची मोठी खरेदीविक्री होते व निवडक जनावरांना बक्षिसे देण्यात येतात. कोल्हापूर जिल्ह्यात पेठ वडगाव येथील जनावरांचा बाजार प्रसिद्ध आहे. दुसरे रूप कृषी प्रदर्शनाचे होय. कराड येथे यशवंतराव चव्हाण यांच्या स्मृतिनिमित्त नोव्हेंबरमध्ये भरणारे आणि कोल्हापूर येथे मेरी वेदर मैदानावर अलीकडच्या वर्षांत भरत आलेले भीमा कृषी प्रदर्शन ही याची उदाहरणे होत. यांखेरीज सणांच्या निमित्ताने जनावरे मिरविण्याची प्रथा आहे. आषाढातील बेंदराला बैलांची शिंगे रंगवून, झूल घालून त्यांची मिरवणूक काढतात. दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापूर शहरातील गवळी व म्हैसपालक आपापल्या म्हशींना मोरपिसे, कवड्यांच्या माळा व पैंजण घालून रस्त्यावर आणतात. धन्याच्या हाकेसरशी किंवा त्याच्या मोटारसायकलीमागे म्हैस धावू लागली, की तिचे कौतुक होते. शहरातील कट्ट्यांवर गिऱ्हाइकासमोर म्हशीची धार काढून ताजे दूध देण्याच्या प्रथेमुळे म्हशीचे रूप व तिचे दूध ही दोन्ही येथील नागरिकांच्या नित्य परिचयाची आहेत.

कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाच्या (स्थापना १९६३) प्रसारानंतर जिल्ह्यात दुधाळ म्हशींना व संकरित गाईंना महत्त्व आले. हरियाणातून मुऱ्हा म्हशी आणल्या जाऊ लागल्या. त्यामुळे आज एकाच मैदानावर खिल्लारी खोंड, पंढरपुरी व मुऱ्हा म्हशी आणि होल्स्टीन संकरित गाई शेजारीशेजारी उभ्या असतात आणि प्रत्येकीचा दोष ज्या त्या जातीच्या निकषांनी पाहावा लागतो.

परीक्षणाची पद्धत : प्रथम जनावरांचे जात, लिंग व वय यांनुसार गट पाडतात. वय दातांवरून ठरवितात. गुरांच्या खालच्या जबड्यात पुढे आठ दात असतात. वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. दुधाचे दात असलेल्या जनावरास ‘आदत’ म्हणतात. साधारण दोन ते अडीच वर्षांच्या सुमारास कायम दातांची पहिली जोडी येते व त्यानंतर क्रमाने दोन दाती (दुसा), चार दाती (चौसा), सहा दाती व शेवटी सर्व दात आलेले म्हणजे जुळलेले जनावर असे गट होतात.

परीक्षक जनावर प्रथम दुरून पाहतो, नंतर चालवून पाहतो व शेवटी जवळ जाऊन हाताने चाचपतो. दुरून बांधा व प्रमाणबद्धता, चालताना पायांची ठेवण व सांध्यांचा मोकळेपणा आणि हाताने कातडीचा मऊपणा, कासेचा पोत व दुधाच्या शिरा समजतात. ही क्रमवारी महत्त्वाची आहे. आरंभीच जवळ गेल्यास नजर एखाद्या डागावर खिळते व मग संपूर्ण जनावर दिसत नाही.

अनेक ठिकाणी शंभर गुणांच्या तक्त्याचा उपयोग करतात. अमेरिकेत दुधाळ गाईंसाठी १९४३ मध्ये सर्व जातींना लागू होणारा एकच गुणतक्ता तयार करण्यात आला. त्यात सामान्य रूपाला ३०, दुधाळ लक्षणांना २०, शरीराच्या क्षमतेला २० व कासेला ३० गुण होते. २००९ मधील सुधारित तक्त्यात कासेला ४०, दुधाळ बळकटीला २५, मागील पाय व खूर यांना २० आणि शरीराच्या सांगाड्याला केवळ १५ गुण ठेवण्यात आले. रूपाकडून उपयोगाकडे झालेला हा प्रवास बोलका आहे. या तक्त्याला दोषांची वेगळी यादी जोडलेली असते व प्रत्येक दोषापुढे तो दुर्लक्षणीय, सौम्य, गंभीर की अपात्र ठरविणारा, हे नमूद केलेले असते. शिंगे असणे वा नसणे यासाठी गुण कापीत नाहीत. कापलेल्या कानासाठी थोडेच कापतात. तात्पुरत्या व किरकोळ इजेसाठी कापीत नाहीत किंवा थोडे कापतात.

दोषांचे वर्गीकरण : दोषाचे वजन ठरविताना तीन प्रश्न विचारावे लागतात. तो कामात वा उत्पादनात आडवा येतो काय? तो पुढील पिढीत उतरतो काय? तो जातीच्या ओळखीला बाध आणतो काय? या तीन प्रश्नांच्या आधारे दोषांचे पुढीलप्रमाणे वर्ग पडतात.

(१) अपात्र ठरविणारे दोष : वळूचे एक वा दोन्ही वृषण पोटातच राहणे, कासेचा सड कायमचा निकामी होणे, खोंडाबरोबर जुळी जन्मलेली वांझ कालवड, कायमचा लंगडेपणा इत्यादी. यांतील काही आनुवंशिक असल्याने पैदाशीच्या जनावरात ते मुळीच चालत नाहीत.

(२) गंभीर दोष : आखूड वा पुढे आलेला खालचा जबडा, बेंबीचा अंतर्गळ, तिरळेपणा, मागील पायांची ढोपरे एकमेकांकडे वळलेली असणे, पसरट खूर, लोंबती कास, खचलेली पाठ. ही लक्षणे कधीकधी सूक्ष्म असतात व नटविलेल्या जनावरात लपून जातात.

(३) किरकोळ जन्मजात दोष : जातीच्या रंगात थोडा फरक, लहान पांढरा ठिपका, दोन शिंगांच्या वळणात किंचित भिन्नता, शेपटीच्या मुळाशी थोडा वाकडेपणा. हे पुढील पिढीत उतरू शकतात, पण त्यांचा उपयोगाशी संबंध नसतो. यांसाठी थोडेच गुण कमी करावेत व अन्य बाबतींत दोन जनावरे समान असतील, तेव्हाच त्यांचा निर्णायक विचार करावा, असा संकेत आहे.

(४) संपादित दोष : इजा, काम वा आजार यांमुळे जन्मानंतर आलेले. तुटलेले शिंग, फाटलेला कान, अपघाताने गेलेला डोळा, डागणीच्या खुणा, जुवाचा घट्टा ही उदाहरणे होत. हे आनुवंशिक नसल्याने वळू वा गाय म्हणून जनावराची किंमत त्यामुळे कमी होत नाही. मात्र मूळ कारण पाहणे आवश्यक असते. मांडीवर डागणीची खूण असेल, तर पूर्वी पाय धरला होता काय, याचा तपास घ्यावा लागतो. तेथे खूण निरुपद्रवी असते, पण तिच्यामागचा आजार तसा असेलच असे नाही.

(५) केवळ समजुतीचे दोष : ज्यांचा आरोग्य, उत्पादन वा जातिलक्षण यांपैकी कशाशीही संबंध दाखविता येत नाही असे. यांना बाजारात ‘खोडी’ म्हणतात. त्यांचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

रंग व जातिलक्षणे : एकाच खुणेला एका जातीत दोष व दुसऱ्या जातीत लक्षण मानतात, हे ध्यानात घेतल्याशिवाय रंगाविषयी निर्णय करता येत नाही. खिल्लार म्हणजे गुरांचा कळप. त्यावरून खिल्लारी हे नाव आले. या जातीचे आटपाडी महालातील हणम खिल्लार, म्हसवड खिल्लार, तापी खोऱ्यातील खिल्लार व नकली खिल्लार असे प्रकार सांगतात. सर्वसाधारण रंग पांढरा ते राखी असतो. म्हसवडकडील नरांत पुढील व मागील भाग गडद असून चेहऱ्यावर करड्या-पांढऱ्या रंगाची मिश्र छटा आढळते. तापी खिल्लारात नाक व खूर गाजरी रंगाचे असतात आणि ते त्या प्रकाराचे लक्षणच होय. नकली खिल्लारात पुढील भागावर विटकरी झाक असते. पशुपालक आपल्या परीने काजळी, कोसा असे रंगभेदही करतात. नवजात वासराच्या माथ्यावर तांबूस रंग असतो व तो काही महिन्यांत नाहीसा होतो. हे ठाऊक नसलेला खरेदीदार अशा वासराला भेसळीचे समजून नाकारतो. शिंगे मुळाशी जवळजवळ असून मागे जाऊन धनुष्याप्रमाणे वर वळणे, हे मात्र खिल्लारीचे ठळक जातिलक्षण आहे. त्यात मोठा फरक असल्यास तो किरकोळ मानता येत नाही.

म्हशींत हाच प्रकार दिसतो. मुऱ्हा म्हैस काळीभोर असावी व तिच्या तोंडावर आणि पायांवर पांढरे नसावे, असा संकेत आहे. नीली-रावी जातीत मात्र कपाळ, तोंड, पाय व शेपटीचा गोंडा पांढरा असणे हे शुद्धतेचे चिन्ह मानून अशा म्हशीला पंचकल्याणी म्हणतात. तिचे घारे डोळेही दोष ठरत नाहीत. पंढरपुरी म्हशीची तलवारीसारखी लांब शिंगे खांद्यांच्या मागे जातात व कधीकधी कमरेच्या हाडांपर्यंत पोहोचतात. त्यांच्या वळणावरून भारकंड, टोकी, मेटी अशी नावे पडली आहेत. काही पंढरपुरी म्हशींच्या कपाळावर, पायांवर वा गोंड्यावर पांढरे असते. मुऱ्हाच्या निकषांनी पंढरपुरी म्हशीचे परीक्षण केल्यास तिच्यावर अन्याय होतो.

जन्मापासूनचा पांढरा ठिपका आणि नंतर उमटलेला पांढरा चट्टा यांतही भेद करावा लागतो. म्हशीच्या कातडीचा काळा रंग मागाहून उडू लागल्यास आहारात तांब्यासारख्या खनिजाची कमतरता असण्याचा संभव असतो. येथे डाग हा दोष नसून सूचना असते व तिच्यावर रंग लावण्याऐवजी उपचार करणे इष्ट ठरते.

खोडी व त्यांविषयीच्या समजुती : जनावरांच्या शुभाशुभ लक्षणांचा विचार भारतात प्राचीन आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत (सहावे शतक) गाईबैलांच्या लक्षणांवर स्वतंत्र अध्याय आहे. अशा लक्षणांत दोन प्रकार मिसळलेले आढळतात. पाणी गळणारे, निस्तेज डोळे अशुभ मानण्यात खरे निरीक्षण आहे; असे डोळे नेत्ररोगाचे, जंताचे वा जीवनसत्त्वाच्या अभावाचे द्योतक असू शकतात. परंतु केसांच्या भोवऱ्याच्या जागेवरून धन्याचे बरेवाईट सांगणे हा निव्वळ संकेत होय.

बाजारातील खोडी बहुतांशी या दुसऱ्या प्रकारच्या आहेत. पाठीवरचा वा डोळ्याखालचा भोवरा, केसांची उलटी रेषा म्हणजे गोम, जिभेवरील काळा डाग, आठांऐवजी सात दात, पांढरा गोंडा यांपैकी काही आढळले, की सौदा मोडतो किंवा भाव पाडून मागितला जातो. एकच भोवरा एका तालुक्यात अशुभ, तर दुसऱ्यात दुर्लक्षित असतो, यावरून त्याची शास्त्रीयता कळून येते. दलालाला हे ठाऊक असते. खोड असलेला बैल एका बाजारात स्वस्तात घेऊन ती खोड न मानणाऱ्या बाजारात विकणे हा त्याचा व्यवहार असतो. तोटा मात्र ते जनावर वाढविणाऱ्या शेतकऱ्याच्या वाट्याला येतो. लहान शेतकऱ्याकडे विकण्याजोगा खोंड दोनतीन वर्षांत एखादाच तयार होतो. त्यामुळे भोवऱ्यापायी पडलेला भाव त्याला पुढच्या खोंडावर भरून काढता येत नाही.

भोवऱ्यांचा शास्त्रीय अभ्यास मुळीच झालेला नाही असे नव्हे. अमेरिकेत १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टेंपल ग्रँडिन व सहकाऱ्यांच्या संशोधनात, कपाळावरील भोवरा डोळ्यांच्या पातळीहून वर असलेली जनावरे बांधून धरली असता तुलनेने अधिक बिथरतात, असे आढळले. त्वचा व मज्जासंस्था यांची घडण गर्भात एकाच थरापासून होते, असे त्याचे स्पष्टीकरण देतात. हा संबंध सरासरीचा आहे. त्यावरून एकेका जनावराचा स्वभाव सांगता येत नाही, आणि धन्याच्या भाग्याशी तर त्याचा काहीच संबंध नाही. स्वभाव पाहावयाचा असल्यास जनावर हाताळून पाहणे हाच खात्रीचा मार्ग होय.

रूपाच्या अतिरेकाचे परिणाम : किरकोळ दोषांना अवाजवी महत्त्व दिल्याने किंवा विशिष्ट रूपाचा हव्यास धरल्याने जातीचे नुकसान कसे होते, याची नोंदलेली उदाहरणे आहेत. होल्स्टीन-फ्रीजियन जातीत काळ्या-पांढऱ्या आईबापांपोटी अधूनमधून तांबडे-पांढरे वासरू जन्मते. तांबडा रंग अप्रभावी जनुकामुळे येतो व त्याचा दुधाशी संबंध नसतो. तरीही दीर्घकाळ अमेरिकेतील वंशावळ-नोंदवहीत अशा वासरांना प्रवेश नव्हता. १९७० च्या सुमारास तेथील संघाने त्यांची नोंद स्वीकारली. तोपर्यंत कित्येक उत्तम दुधाळ वंश केवळ रंगासाठी बाजूला पडले होते.

दुसरे उदाहरण हेरफर्ड जातीचे आहे. अमेरिकेत १९४० ते १९५० च्या सुमारास आखूड पायांच्या, ठेंगण्या व भरदार जनावरांना प्रदर्शनांत बक्षिसे मिळत. या रूपामागे काही वंशांत खुजेपणाचे अप्रभावी जनुक होते. जनुकाची एकच प्रत असलेला वळू आकर्षक दिसे. परंतु तशाच गाईशी संयोग झाल्यास सरासरीने चारांत एक वासरू खुजे, धापा टाकणारे व जगण्यास अक्षम निपजे. परीक्षक रोगाच्या वाहकालाच अजाणता निवडीत होते. ही गोष्ट उघड झाल्यावर अनेक नामांकित वंश पैदाशीतून काढून टाकावे लागले.

महाराष्ट्रातील देशी जातींच्या बाबतीत धोका वेगळ्या स्वरूपाचा आहे. पशुगणनेनुसार २०१२ ते २०१९ या काळात देशातील देशी गुरांची संख्या सु. ६ टक्क्यांनी घटली. ट्रॅक्टरच्या प्रसारामुळे बैलांची गरज कमी झाली. बैलगाडा शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बंदी घातली; डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी मिळाली व मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरविला. शर्यतीत वेग हाच निकष असल्याने तेथे भोवऱ्याला फारसे स्थान उरत नाही. पण शर्यतीला लागणारी जनावरे एकूण संख्येच्या मानाने थोडी असतात. मुळातच संख्या घटत असलेल्या जातीत रंग वा भोवरा यांसाठी चांगले वळू नाकारले, तर थोड्याच वळूंचा वापर होतो, रक्तसंबंधी संयोग वाढतात व जातीतील विविधता संकोचते. नाकारलेला वळू सहसा परत मिळत नाही. त्याचे खच्चीकरण तरी होते किंवा तो विकला जातो.

कामाच्या खुणा : कोल्हापूर परिसरात साखर कारखान्यांकडे उसाची वाहतूक बैलगाड्यांतूनही होत आली आहे. अशा बैलाच्या खांद्यावर जुवाचा घट्टा असतो. ताजी जखम, सूज किंवा पू असल्यास तो आजार आहे व असे जनावर मैदानात आणूच नये. परंतु बरा झालेला, टणक व वेदनारहित घट्टा हा कष्टाचा पुरावा होय. त्यासाठी गुण कापल्यास जुवाला कधीच न जुंपलेले, केवळ खुराकावर पोसलेले जनावर वरचढ ठरते व कामाच्या जातीचे परीक्षण कामाविनाच होते. अतिशय लठ्ठ जनावर प्रेक्षकांना भुरळ घालते. मात्र गाईत व वळूत अतिरिक्त चरबीमुळे प्रजननक्षमता कमी होण्याचा संभव असतो.

लम्पी त्वचारोगाचे वण : २०२२ मध्ये लम्पी त्वचारोगाची मोठी साथ देशभर पसरली. महाराष्ट्रात त्या वर्षी सप्टेंबरमध्ये संपूर्ण राज्य नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित करून गुरांचे बाजार व प्रदर्शने बंद ठेवण्यात आली. हा विषाणुजन्य रोग मुख्यतः चावणाऱ्या कीटकांमार्फत पसरतो. गाईबैलांत तो तीव्र असतो, तर म्हशींत त्याचे प्रमाण कमी असते. बऱ्या झालेल्या अनेक जनावरांच्या कातडीवर गाठींचे वण कायम राहिले. हे वण संपादित दोष होत; ते वासरात उतरत नाहीत. आजार झाला असताना वळूच्या वीर्यात काही काळ विषाणू राहू शकतात, म्हणून पशुवैद्यकाच्या दाखल्याखेरीज त्याचा उपयोग करू नये. पूर्ण बऱ्या झालेल्या जनावराला मात्र केवळ वणांसाठी मागे सारणे युक्त नव्हे. साथीत टिकून राहिलेली, पुन्हा दुधावर वा कामावर आलेली गाय नाकारण्याचे कारण कातडीवरच्या खुणांत शोधणे हे पैदाशीच्या दृष्टीने घाट्याचे ठरते.

तयारी व लबाडी : जनावराला धुणे, खरारा करणे, खूर साळणे, शिंगांना तेल लावणे, दाव्याला धरून चालण्याची व स्थिर उभे राहण्याची सवय लावणे ही रास्त तयारी होय. खिल्लारी बैलांची शिंगे तासून गुळगुळीत करण्याची रीत आहे. पण खोलवर तासल्यास आतील जिवंत भागाला इजा होते. हिंगूळ, झूल, घुंगरमाळा, शेंब्या ही सजावट मिरवणुकीत शोभते. परीक्षणाच्या वेळी ती उतरवितात, कारण झुलीखाली पाठ व माळांखाली गळ्याची पोळी झाकली जाते.

पांढरा ठिपका काळा करणे, शिंगाची चीर मेणाने बुजविणे, कास तटतटून दिसावी म्हणून धार चुकविणे, वय लपविण्यासाठी दात कानशीने घासणे हे प्रकार लबाडीत मोडतात. ओल्या पांढऱ्या फडक्याने पुसल्यास रंग उतरतो. शिंगावर नख फिरविले असता मेण कळते. धार चुकविल्याने जनावराला वेदना होतात व दगडी (स्तनदाह) होण्याचा धोका वाढतो. प्राण्यांना अनावश्यक वेदना देणे हा प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६० अन्वये अपराध आहे. अशी लबाडी उघडकीस आल्यास जनावर अपात्र ठरते. म्हणजे एकदोन गुणांच्या दोषासाठी सर्व गुण गमवावे लागतात.

दोष असलेल्या जनावराचे सादरीकरण : किरकोळ दोष असलेले जनावर प्रदर्शनात आणण्यास हरकत नसते. ते आणताना पुढील गोष्टी उपयुक्त ठरतात. प्रथम दोष कोणत्या वर्गातला आहे, हे पशुवैद्यकाकडून समजून घ्यावे. आनुवंशिक दोष असलेले जनावर पैदाशीच्या गटात घालू नये. कानातील बिल्ल्याचा क्रमांक, विण्याच्या तारखा, दुधाच्या नोंदी व लसीकरणाचा दाखला जवळ ठेवावा. दुधाच्या पक्क्या नोंदीपुढे कपाळावरच्या ठिपक्याचे वजन आपोआप कमी होते. जनावर सपाट किंवा पुढील पाय किंचित उंचावर येतील अशा जागी उभे करावे. त्याचा चांगला बांधा परीक्षकाच्या नजरेसमोर येईल, असे धरणे योग्य होय. दोषाच्या बाजूने परीक्षक आला असता जनावर वळविणे मात्र अयोग्य ठरते. शिंग कसे तुटले, वण कशाचा, असे विचारल्यास सरळ व थोडक्यात उत्तर द्यावे. परीक्षक दोष पाहणारच असतो. तो लपविण्याचा प्रयत्न झाल्यास न दिसणाऱ्या दोषांविषयीही त्याला शंका येते.

परीक्षकाचे कर्तव्य : निकाल जाहीर करताना परीक्षकाने क्रमांकाबरोबर त्याची कारणेही ध्वनिक्षेपकावरून सांगावीत, अशी चांगल्या प्रदर्शनांत पद्धत आहे. पहिल्या आलेल्या खोंडाच्या खांद्यावर भोवरा आहे, तो गुणांत धरलेला नाही, आणि दुसरा खोंड मागील पायांच्या ठेवणीमुळे मागे पडला, एवढी दोन वाक्ये मैदानाभोवती उभ्या असलेल्या शेकडो पशुपालकांच्या कानी पडतात. पुढच्या बाजारात तशाच भोवऱ्याचा बैल घेऊन उभ्या असलेल्या शेतकऱ्याला भाव सांगताना त्यांचा आधार मिळतो. कारणे न सांगता फेटा बांधून ढाल दिली, तर प्रेक्षक आपल्या जुन्या समजुतीच घेऊन घरी जातात. वळूच्या चार पायांची, गाईच्या कासेची व बैलाच्या चालीची पारख लोकांच्या नजरेत उतरविणे हेच प्रदर्शनाचे खरे फळ होय. ठिपके व भोवरे यांची गणना करण्यासाठी मैदान भरविण्याची आवश्यकता नसते.